नॅशव्हिल हो म्हणतं, ग्विनेट नाही: अमेरिकन माणसाला बस-ट्रेन नकोच आहे का?

वाटसरू

अमेरिकेतल्या वाहतुकीचा विषय निघाला की आपल्या गप्पांत निकाल आधीच लागलेला असतो: 'या लोकांना गाडीच हवी, बस-ट्रेन यांना नकोच.' मला हे पटत नाही. का पटत नाही ते जरा सविस्तर लिहावं म्हणून हा धागा.

मी अटलांटाच्या ईशान्येला ग्विनेट काउंटीत राहतो (काउंटी म्हणजे साधारण आपल्याकडचा जिल्हा). नोव्हेंबर २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या मतपत्रिकेवरच आम्हाला आणखी एक प्रश्न होता. बससेवा वाढवण्यासाठी ३० वर्षं १ टक्का जादा विक्रीकर द्याल का? काउंटीने नाही म्हटलं. त्याच दिवशी, इथून गाडीने चार तासांवरच्या, टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलमध्ये अर्धा टक्का विक्रीकराचा तसाच प्रस्ताव दोन तृतीयांश मतांनी मंजूर झाला. दोन्ही ठिकाणं दक्षिणेतली, दोन्हीकडे गाड्यांचंच राज्य. मग फरक कुठे पडला?

ग्विनेटचा नकार जुना आहे. १९७१ साली मार्टा या अटलांटाच्या सार्वजनिक वाहतूक यंत्रणेसाठी मतदान झालं तेव्हा फुल्टन आणि डिकॅब काउंट्या आत आल्या, ग्विनेट आणि क्लेटन बाहेर राहिल्या. कॉबने तर १९६५ मध्येच अंग काढून घेतलं होतं. त्या काळात गोरी कुटुंबं शहर सोडून उपनगरांत येत होती, आणि रेल्वेमागोमाग शहरातले कृष्णवर्णीय लोकही इकडे येतील ही भीती उघडपणे बोलली जायची. अटलांटाच्या वाहतुकीचा इतिहास वर्णद्वेष बाजूला ठेवून सांगताच येत नाही. १९९० मध्ये ग्विनेटने पुन्हा नाही म्हटलं.

पण आजचं ग्विनेट ते राहिलेलं नाही. कोरियन, मेक्सिकन, व्हिएतनामी, नायजेरियन, गुजराती, तेलुगू, आपण, सगळे इथे आहोत आणि गोरे आता बहुसंख्य नाहीत. तरीही २०१९ मध्ये नकारच आला. २०२० मध्ये चार लाखांच्या आसपास मतं पडली आणि प्रस्ताव जेमतेम हजारभर मतांनी गेला. २०२४ मध्ये अंतर पुन्हा वाढलं. म्हणजे जुनी भीती हे एकच कारण आता पुरत नाही.

नॅशव्हिलही एकदा नाही म्हणालं होतं. मे २०१८ मध्ये तिथे ५.४ अब्ज डॉलर्सची लाइट रेलची, म्हणजे शहरात धावणाऱ्या हलक्या रेल्वेची योजना ६४ टक्के मतांनी फेटाळली गेली. योजनेचा पुरस्कार करणाऱ्या महापौरांना मतदानाच्या दोन महिने आधी राजीनामा द्यावा लागला होता, आणि विरोधात अमेरिकन्स फॉर प्रॉस्पेरिटी ही कोक बंधू या अब्जाधीश उद्योगपतींच्या पैशावर चालणारी संघटना दारोदार फिरत होती. सहा वर्षांनी नवीन महापौर फ्रेडी ओ'कॉनेल यांनी जे मांडलं ते वेगळं होतं: ८६ मैल फूटपाथ, सहाशेच्या आसपास सिग्नल आधुनिक करणं, ५४ मैलांच्या मुख्य रस्त्यांवर वारंवार बस, आणि दिवसरात्र सेवा. खर्च ३.१ अब्ज. जो कधीच बसमध्ये चढणार नाही त्यालाही फूटपाथ आणि सिग्नल मिळणार होता.

माझं म्हणणं एवढंच आहे की अमेरिकन मतदाराचं 'मत' म्हणून जे आपण वाचतो, ते पुष्कळदा त्याच्यापुढे ठेवलेल्या प्रश्नाला आणि त्याच्या घराबाहेरच्या रस्त्याला दिलेलं उत्तर असतं. ३० मार्च २०१७ ला संध्याकाळी इथे आय-८५ महामार्गाच्या पुलाखाली साठवलेल्या प्लास्टिकच्या पाइपांना आग लागली आणि पूल कोसळला. रोज अडीच लाखांच्या घरात गाड्या जाणारा रस्ता बंद. दुसऱ्या दिवसापासून मार्टाच्या डब्यांत टाय लावलेली माणसं उभी राहू लागली, डोराव्हिल स्टेशनचं पार्किंग भरू लागलं. गाडीशिवाय जगूच शकत नाहीत अशी ज्यांची ख्याती, तीच ही माणसं. सहा आठवड्यांत पूल बांधून झाला आणि बहुतेक जण परत गाडीत बसले. त्या सहा आठवड्यांत लोकांची आवड दोनदा बदलली असं मी मानत नाही. रस्ता दोनदा बदलला.

तुमच्या गावचे अनुभव लिहा.

हडसनकाठ

उत्तम धागा. न्यू जर्सीहून मॅनहॅटनला जाणाऱ्यांच्या वतीने लिहिते.

लिंकन टनेलकडे जाणाऱ्या ४९५ रस्त्यावर सकाळी एक लेन फक्त बससाठी असते. १९७० पासून. करोनाच्या आधी त्या एका लेनमधून सकाळच्या काही तासांत सत्तर हजारांच्या आसपास माणसं जायची. शेजारच्या लेनमध्ये एकेका गाडीत एकेक माणूस बसून ब्रेकवर पाय ठेवून असतो आणि आमची बस त्याच्या बाजूने पुढे जाते. बसमध्ये वकील असतात, बँकेतले असतात, नर्सेस असतात, हॉटेलात काम करणारे असतात. इथे बस ही गरिबांची सोय आहे असं कुणाच्या मनातही येत नाही. बस वेगाने जाते म्हणून लोक बसतात, बाकी काही नाही.

मॅनहॅटनमध्ये ६० व्या रस्त्याच्या दक्षिणेला गाडी घेऊन येणाऱ्यांना ५ जानेवारी २०२५ पासून गर्दीच्या वेळी ९ डॉलर्स पडतात. कायदा २०१९ चा. जून २०२४ मध्ये १५ डॉलर्सने सुरू व्हायचं होतं, ते न्यूयॉर्कच्या गव्हर्नर होकल यांनी ऐनवेळी थांबवलं. आमच्या न्यू जर्सी सरकारने कोर्टात धाव घेतली. फेब्रुवारी २०२५ मध्ये वॉशिंग्टनने, म्हणजे केंद्र सरकारने, त्याची परवानगी काढून घेतल्याचं जाहीर केलं. एवढं होऊनही ते चालू राहिलं. सुरू होण्याआधी पाहण्यांत विरोधकच जास्त होते. सुरू झाल्यावर झोनमधल्या गाड्या दहा टक्क्यांच्या आसपास घटल्या, बस लवकर पोचू लागल्या आणि शहरातलं मत हळूहळू बाजूने झुकलं. स्टॉकहोममध्ये २००६ साली हेच झालं होतं: आधी विरोध, मग काही महिन्यांची चाचणी, मग सार्वमतात होकार.

लोकांना आधी विचारायचं की आधी अनुभवू द्यायचं, हा मला खरा प्रश्न वाटतो.

ब्लूबॉनेट

वाटसरू, मांडणी छान आहे, पण मी असहमत आहे आणि माझी बाजूही कुणीतरी मांडायला हवी.

मी ह्यूस्टनजवळ राहते. आवड ही खोटी गोष्ट नाही. प्यू रिसर्च या जनमत पाहणी करणाऱ्या संस्थेने २०२३ मध्ये लोकांना सरळ विचारलं होतं: मोठी, एकमेकांपासून लांब घरं आणि शाळा-दुकानं काही मैलांवर, की लहान, जवळजवळ घरं आणि सगळं चालत जाण्याच्या अंतरावर? ५७ टक्क्यांनी पहिलं निवडलं, ४२ टक्क्यांनी दुसरं. हे लोक भोळे नाहीत, कुणी फसवलेलेही नाहीत. मागे अंगण हवं, मुलाला सायकल फिरवायला कलडीसॅक, म्हणजे पुढे बंद असलेली गल्ली हवी, आईवडील आले तर त्यांना खालच्या मजल्यावर वेगळी खोली हवी. आपण मराठी लोक तरी काय करतो? नोकरी लागली की आधी अपार्टमेंट, मग टाउनहोम म्हणजे एका रांगेतलं जोडघर, मग चांगल्या शाळेच्या हद्दीत सिंगल फॅमिली म्हणजे स्वतंत्र घर. एडिसन, नेपरव्हिल, केरी, फ्रिस्को, कुठेही बघा.

ऑगस्टच्या भर उन्हात इथे दुपारी बसस्टॉपवर वीस मिनिटं उभं राहून बघा. लहान मूल आणि किराणा सोबत घेऊन बघा. गाडीने मला या देशात आल्यावर जे स्वातंत्र्य दिलं ते मी कमी लेखणार नाही. आणि विक्रीकराचा बोजा गरिबांवर जास्त पडतो, हेही विसरू नका. बसमध्ये न बसणाऱ्या गरीब माणसाकडून दूध-साबणावर पैसे घ्यायचे, हे कितपत न्याय्य आहे?

मृदगंध

ब्लूबॉनेट, आवड खरी असते हे मान्य. पण ती कशाने घडते ते बघू या, कारण या देशात गाडीच्या आवडीला कायद्याचं पाठबळ फार आहे.

आज विकल्या जाणाऱ्या नव्या वाहनांत एसयूव्ही आणि पिकअप सुमारे ८० टक्के आहेत. लोकांना मोठ्या गाड्या आवडतात, इतकंच? १९७५ च्या कायद्याने कंपन्यांना सरासरी मायलेजची अट घातली, पण 'लाइट ट्रक'ना सवलत ठेवली. तेव्हा ट्रक म्हणजे शेतकऱ्याचा नाहीतर सुताराचा. पुढे एसयूव्ही त्याच सवलतीत बसवल्या गेल्या. त्याआधीपासून, १९६४ पासून, परदेशी पिकअपवर २५ टक्के जकात आहे. मूळ भांडण युरोपात जाणाऱ्या अमेरिकन कोंबड्यांवरच्या करावरून होतं, जकात मात्र साठ वर्षं झाली तरी टिकून आहे. म्हणजे मोठ्या वाहनांना मायलेजची अट सैल, आणि पिकअपमध्ये परदेशी स्पर्धाही नाही. नफा तिथेच. २०१८ मध्ये फोर्डने जाहीरच केलं की उत्तर अमेरिकेत सेडान बंद करणार. त्यानंतर फोर्डच्या शोरूममध्ये गेलेल्या माणसाने एसयूव्ही निवडली, तर त्याला पसंती म्हणायचं का?

घरांचंही तेच. १९७३ मध्ये नवीन घर सरासरी १६६० चौरस फुटांचं असायचं, २०१५ च्या सुमारास ते अडीच हजारांच्या वर गेलं. दरम्यान कुटुंबं मात्र लहान झाली. बहुतेक शहरांत निवासी जमिनीच्या मोठ्या भागावर एकाच कुटुंबाचं स्वतंत्र घर सोडून काही बांधायला परवानगीच नसते. दुकान काढा, चर्च बांधा, डॉक्टरचा दवाखाना काढा, अमुक चौरस फुटांमागे अमुक पार्किंग सक्तीचं. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठातले प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी आयुष्यभर हेच सांगितलं की फुकट पार्किंग फुकट नसतं, त्याचे पैसे चालत येणारा माणूसही भरतो. ते २०२५ मध्ये गेले. पण त्याआधी बफेलोने २०१७ मध्ये, मिनिआपोलिसने २०२१ मध्ये ही सक्ती काढली आणि कॅलिफोर्नियाने २०२२ मध्ये स्टेशनांजवळ तिला मनाई केली, हे त्यांना बघायला मिळालं याचा मला फार आनंद आहे.

कोथरूडकर

इथे पुण्यात बसून वाचतोय. आमच्याकडे २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्ग, सुरू झाली, देशात पहिली, आणि पुढे ती कशी फसली ते सगळ्यांनी पाहिलं. त्यामुळे हा धागा मला परका वाटत नाही.

एक विचारायचं होतं. हवामानबदलाचा मुद्दा या मतदानांत कुठे येतो? इथे बातम्या वाचून वाटतं की तिकडे सगळा वाद त्यावरूनच चालतो.

शमिका_डेन्व्हर

कोथरूडकर, फार कमी येतो. जानेवारी २०२३ च्या प्यूच्या पाहणीत ३७ टक्के लोकांनी हवामानबदल हा राष्ट्राध्यक्ष आणि काँग्रेस (इथली संसद) यांच्यासाठी अग्रक्रमाचा विषय असावा असं म्हटलं. २१ विषयांत त्याचा नंबर १७ वा. अर्थव्यवस्था सगळ्यात वर. खरं तर वाहतूक हाच इथला हरितगृह वायूंचा सगळ्यात मोठा स्रोत आहे, पण मत देताना माणूस महागाई, आरोग्यखर्च, गुन्हेगारी यांचा विचार करतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. एएए या मोटार संघटनेच्या हिशोबाने २०२४ मध्ये नवीन गाडी बाळगायचा खर्च वर्षाला १२ हजार डॉलर्सच्या वर गेला होता. घरखर्चात घराच्या खालोखाल वाहतुकीचाच आकडा असतो. हा मुद्दा त्याच्या खिशापासून मांडला तर तो ऐकतो.

इथे डेन्व्हरमध्ये २०२० साली मतदारांनी हवामानासाठी पाव टक्का विक्रीकर मंजूर केला. त्यातून एप्रिल २०२२ पासून ई-बाइकसाठी, म्हणजे विजेवर चालणाऱ्या सायकलीसाठी, व्हाउचर द्यायला सुरुवात झाली. सगळ्यांना ४०० डॉलर्स, कमी उत्पन्न असेल तर १२००. व्हाउचरची नवी फेरी उघडली की काही मिनिटांत संपायची. माझ्या ओळखीतली एक आजी त्या १२०० मध्ये सायकल घेऊन लायब्ररीत कामाला जाते. पुढे चाइल्ड सीट, मागे पेटी, पेटीत नातीची शाळेची बॅग. तिच्या तोंडी 'पर्यावरण' हा शब्द मी ऐकलेला नाही. दुसरी गाडी विकली आणि विम्याचे पैसे वाचले, हे ती भेटेल त्याला सांगते.

दुसरं उदाहरण इंडियानातल्या कार्मेलचं. जिम ब्रेनर्ड हे रिपब्लिकन महापौर १९९६ ते २०२३ तिथे होते. त्यांनी दीडशेच्या आसपास चौकांत सिग्नल काढून गोल चक्कर बांधली. जीवघेणे अपघात घटले, गाड्या सिग्नलला उभ्या राहून पेट्रोल जाळतात ते वाचलं. गाव अजून पक्कं उपनगरी आहे. लोकांना ते आवडलं म्हणून तर ब्रेनर्ड पुन्हा पुन्हा निवडून आले.

वाटसरू

सगळ्यांचे आभार. ब्लूबॉनेट, तुमच्या दोन मुद्द्यांवर लिहितो.

करापासून सुरू करतो. बससाठीचा कर नाकारणाऱ्या याच ग्विनेटने नोव्हेंबर २०२२ मध्ये १ टक्क्याचा दुसरा विक्रीकर मोठ्या बहुमताने मंजूर केला आहे. त्याचं नाव स्प्लॉस्ट, दर काही वर्षांनी मतदानाला येतो आणि १९८० च्या दशकापासून चालू आहे. त्यातला मोठा हिस्सा रस्त्यांवर जातो. त्याचा बोजाही दूध-साबणावरच पडतो, गाडी नसलेल्या माणसाकडूनही घेतला जातो. तेव्हा अन्यायाचा मुद्दा कुणी काढत नाही. त्यामुळे लोक करालाच विरोध करतात हे मला मान्य नाही. जे रोज डोळ्यांना दिसतं त्याला ते पैसे देतात. बस दिसतच नाही, तर तिच्यासाठी कोण देणार?

केंद्रातही तेच. पेट्रोलवरचा केंद्रीय कर गॅलनला १८.४ सेंट, १९९३ पासून एक सेंटही वाढलेला नाही. त्यातले तीन सेंटसुद्धा सार्वजनिक वाहतुकीला मिळत नाहीत. महागाईने त्या कराची किंमत खाल्ली, म्हणून २००८ पासून काँग्रेस सर्वसाधारण तिजोरीतून हायवे फंडात भर घालते. एकट्या २०२१ च्या कायद्यात ११८ अब्ज डॉलर्स तसे टाकले. 'रस्ता स्वतःचे पैसे भरतो, बस अनुदानावर जगते' असं अजून सगळीकडे बोललं जातं. ते खरं नाही, आणि हे आपल्या माणसांनीही ऐकून घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

आणि आवड. तुमच्याच ह्यूस्टनचा केटी फ्रीवे घ्या. बाजूचे रस्ते धरून काही ठिकाणी २६ लेन. २००८ मध्ये काम पुरं झालं आणि काही वर्षांतच गर्दीच्या वेळचा प्रवास पुन्हा लांबला. अंगण हवं असणाऱ्या ५७ टक्क्यांना अंगण जरूर मिळावं. पण उरलेल्या ४२ टक्क्यांसाठी घरं बांधायला कायद्याने मनाई कशासाठी?

ब्लूबॉनेट

मनाई नसावी, यावर माझं तुमच्याशी दुमत नाही. माझं म्हणणं इतकंच की ज्यांनी उपनगर निवडलं त्यांना कमी लेखून त्यांची मतं मिळणार नाहीत. १५ जुलै १९७९ ला तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी टीव्हीवर देशाला सांगितलं की आपण उपभोगाच्या मागे लागलो आहोत. व्हाइट हाउसच्या छतावर त्यांनी सौर पॅनेल्स बसवली होती, ती १९८६ मध्ये उतरवली गेली. उपदेश करणाऱ्याला या देशाने फार काळ ऐकून घेतलेलं नाही. ई-गाड्यांवरची ७५०० डॉलर्सची सवलतही ३० सप्टेंबर २०२५ ला बंद झाली. वॉशिंग्टनमधून आलेलं वॉशिंग्टनमधूनच जातं. नॅशव्हिलसारखं गावाने स्वतः ठरवलं तर टिकेल.

अवनी_क

मीही ग्विनेटची, रोज हा धागा वाचतेय. एक बघितलेलं लिहिते.

दर उन्हाळ्यात सासू-सासरे येतात. आमच्या सबडिव्हिजनच्या, म्हणजे वसाहतीच्या, तोंडापर्यंत फूटपाथ आहे, पुढे गवत. त्या गवतात एक पायवाट मळलेली आहे, म्हणजे चालणारे बरेच आहेत. समोर रस्त्यापलीकडे भारतीय किराण्याचं दुकान दिसतं, पाटीसुद्धा वाचता येते. मधे सात लेन आणि सिग्नल अर्ध्या मैलावर. नाशिकला रोज पहाटे गोदावरीपर्यंत चालत जाणारा माणूस इथे कोथिंबिरीच्या जुडीसाठी माझी मीटिंग संपायची वाट बघत बसतो. त्या रस्त्यावर बसचा थांबा म्हणजे गवतात रोवलेला एक खांब. बाक नाही, छप्पर नाही. जवळच्या हॉटेलात साफसफाई करणाऱ्या एक बाई तिथे पालथ्या घातलेल्या रंगाच्या बादलीवर बसलेल्या दिसतात. बादली त्या घरून आणतात आणि बसमधून परत नेतात.

२००९ मध्ये या देशात गाडीखाली मेलेले पादचारी ४१०० च्या आसपास होते. २०२२ मध्ये साडेसात हजारांवर. हे आकडे वाचल्यापासून मी मामंजींना त्या गवतावरून एकटं जाऊ देत नाही.

मला रेल्वे नको, मोठी योजनाही नको. तो अर्धा मैल फूटपाथ आणि दुकानासमोर एक क्रॉसिंग. हे कुणाकडे मागायचं?

वाटसरू

अवनीताई, वर लिहिलेल्या स्प्लॉस्टमध्ये फूटपाथही बसतात. २०२२ मध्ये मंजूर झालेला कर सहा वर्षांसाठी आहे आणि रस्त्यांची कामं निवडायला नागरिकांची समिती असते. तुमच्या डिस्ट्रिक्टच्या कमिशनरला (काउंटीतला निवडून दिलेला प्रतिनिधी) लेखी विनंती करा, काउंटीच्या वाहतूक विभागाला प्रत द्या. आधी रस्ता काउंटीचा की राज्याचा ते बघा. राज्याचा असेल तर क्रॉसिंगसाठी जॉर्जियाच्या परिवहन विभागाकडे जावं लागतं, आणि तिथे वेळ जास्त लागतो. मळलेल्या पायवाटेचा फोटो जरूर जोडा, 'इथे कुणी चालतच नाही' हे पहिलं उत्तर येतं म्हणून. शाळेचा किंवा बसचा थांबा जवळ असेल तर तसं ठळक लिहा.

हडसनकाठ

आणि एकटीने पाठवू नका. सबडिव्हिजनच्या एचओएकडून, म्हणजे घरमालकांच्या संघटनेकडून, ठराव घ्या, दुकानदाराची सही घ्या. त्यांचं गिऱ्हाईक वाढणार आहे.

अवनी_क

रस्ता राज्याचा आहे, आत्ताच काउंटीच्या नकाशावर बघितलं. म्हणजे दोन अर्ज. एचओएची बैठक पुढच्या महिन्यात आहे, विषयपत्रिकेत घालायला सांगते. थांब्यावरच्या बाईंनाही विचारते, त्यांची सही चालेल ना?

वाटसरू

चालेलच. सगळ्यात वर त्यांची घ्या. मसुदा इथे टाका, आपण सगळे मिळून बघू. ब्लूबॉनेट, तुम्हीही वाचा, विरोधात काय बोललं जाईल ते तुमच्याइतकं नेमकं कुणी सांगणार नाही.

ब्लूबॉनेट

नक्की. पहिला आक्षेप आत्ताच सांगते: क्रॉसिंगमुळे गाड्या खोळंबतील. त्यामुळे सिग्नल मागण्याआधी मधे थांबायला दुभाजक मागा. दोन टप्प्यांत ओलांडता येतं आणि खर्चही कमी. मसुद्याची वाट बघते.